कोटीपोटातलं कुरण

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे बेटावर वसलेलं शहर. ध्रुववृत्ताच्या बरंच वर असूनही गजबजलेलं: बंदर, रंगीत लाकडी घरांच्या ओळी, विद्यापीठ, वर्षभर येणारे पर्यटक. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत रेनडिअरची कातडी टांगलेली असतात, टपरीवर रेनडिअरच्या मांसाचे सॉसेज मिळतात आणि गावाबाहेरच्या कुंपणांत पर्यटक बादलीतून रेनडिअरला खाऊ घालत असतात. घरात शिरताना पायातलं दाराशी काढायची रीत इथेही आहे, मराठी माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. नवी वाटते ती शांतता. बसमध्ये, रांगेत, दुकानात कोणी कोणाशी उगाच बोलत नाही, पण काही विचारलं तर हातातलं काम थांबवून पुरं उत्तर देतात. मार्चअखेरीस दिवस लांबलेला असतो, बर्फ मात्र अजून गुडघाभर असतो. अशा दिवसांत इथून निघून आल्टा, कौतोकेइनो, कारास्योक आणि पुढे फिनलंडमधल्या इनारीपर्यंत जाताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटत राहिला: हा प्राणी इथे जगतो कसा? नेहमीचं उत्तर असतं, लोकरीमुळे. ते खोटं नाही. नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचा रेनडिअर हिवाळ्यात उणे ३० अंशांपर्यंत आणि आणखी उत्तरेचा स्वालबार बेटांवरचा उणे ५० अंशांपर्यंत जादा ऊर्जा न जाळता तग धरतो, असं मोजलं गेलेलं आहे. पण लोकर ऊब राखते, ऊब निर्माण करत नाही. ती निर्माण होते पोटात, आणि तीही रेनडिअरच्या एकट्याच्या कर्तबगारीने नव्हे. ट्रॉम्सोच्या विद्यापीठातल्या आर्नोल्डस शुट्ट ब्लिक्स, स्वेन मॅथिसन, मोनिका सुंडसेट यांच्यासारख्या संशोधकांनी काही दशकं या पोटाचा अभ्यास केला. त्यातून जे हाती आलं, त्यावरून रेनडिअरकडे आणि त्याच्या जमिनीकडे पाहण्याची आपली रीतच बदलायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

रेनडिअर आपल्या गाई-म्हशींसारखाच रवंथ करणारा. त्याच्या पोटाचेही चार कप्पे: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. खाल्लेला पाला आधी कोटीपोटात जातो. बाहेर उणे चाळीस असो की शून्य, तिथे कायम एकोणचाळीस अंशांच्या आसपासची ऊब, हवा नाही आणि जिवाणूंची दाटी. त्यांच्याबरोबर एकपेशीय आदिजीव आणि बुरशीही असतात. गवतातला सेल्युलोज फोडणारी विकरं रेनडिअरच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाहीत. ती हे जिवाणू करतात. फोडताना त्यांच्याकडून जी लहान मेदाम्लं बाहेर पडतात, ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने सत्तर टक्के भाग अशा मेदाम्लांतून येतो. पुढे हे जिवाणू स्वतःच खऱ्या पोटात वाहत जातात, पचतात आणि प्राण्याला प्रथिनं मिळतात. म्हणजे रेनडिअर गवत खातो हे अर्धंच खरं आहे. तो गवत खाऊ घालतो जिवाणूंना, आणि स्वतः जगतो त्यांच्या उत्सर्जनावर आणि त्यांच्या देहांवर. गाईचंही असंच असतं. फरक ऋतूंचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यातलं हिरवं गवत आणि उन्हाळ्यातला कडबा यांत अंतर असलं तरी दोन्ही गवतंच. उत्तर ध्रुवाजवळ उन्हाळ्याचं ताट आणि हिवाळ्याचं ताट जवळजवळ दोन वेगळ्या जगांतून येतं.

या फरकाचा सर्वांत लख्ख पुरावा स्वालबारचा. तिथला रेनडिअर आखूड पायांचा, गोलमटोल, हजारो वर्षं एकटा राहिलेला. शिकारीने तो जवळजवळ संपत आला होता, १९२५ साली त्याला संरक्षण मिळालं. त्याच्या कोटीपोटातल्या जिवाणूंची मोजदाद १९८५ साली प्रसिद्ध झाली. उन्हाळ्यात एका मिलिलीटर द्रवात सुमारे दोन हजार कोटी जिवाणू होते, हिवाळ्याअखेरीस ते सुमारे ३६० कोटींवर आले होते, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. एवढंच असतं तर ती फक्त उपासमारीची नोंद ठरली असती. पण त्याच वेळी शिल्लक जिवाणूंमध्ये तंतुमय चारा फोडणाऱ्यांचा वाटा मात्र वाढला होता. उन्हाळी कोवळ्या पाल्यावर, सहज विरघळणाऱ्या साखरेवर जगणारे जिवाणू मागे हटले आणि वाळक्या, चिवट काड्यांवर गुजराण करणारे पुढे आले. कोटीपोट लहान झालं नाही, त्यातली वस्ती बदलली. प्राणी एका जागी उभा असतानाही त्याच्या पोटात स्थलांतर होतं, असं मी याला म्हणेन, आणि पुढचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आल्टाकडे जाणारा रस्ता फियोर्डांच्या काठाकाठाने वळत जातो. एका बाजूला काळं, न गोठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला सरळ चढलेला पांढरा डोंगर. गावं म्हणजे पाच-पंचवीस घरं, एक दुकान, एक चर्च. किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घातलेला असतो. वसई-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळतात ते आठवतंच. फक्त तिथे ऊन मासा वाळवतं, इथे थंडी आणि वारा. रस्त्याकडेच्या खांबाला बांधलेली काळी प्लास्टिकची पिशवी दिसली की गाड्या हळू होतात, कारण ‘पुढे रस्त्यावर रेनडिअर आहेत’ अशी ती खूण. ती कोणी बांधली हे कोणी विचारत नाही, आणि दिसली की दुर्लक्षही करत नाही. रेनडिअर रस्त्यावर येतात ते मीठ चाटायला आणि चालायला सोपी, घट्ट जमीन मिळते म्हणून. आल्टाच्या खडकांवरची कोरीव चित्रं पाहिली की या नात्याचं वय कळतं. त्यांतली सर्वांत जुनी सात हजार वर्षांच्या घरातली. त्यांत रेनडिअरचे कळप आहेत आणि त्यांना वळवून आत घेणारी मोठी कुंपणंही आहेत. १९८५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. तेव्हाच्या माणसाला पोटातले जिवाणू माहीत नव्हते, पण कळप कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जाणार हे पक्कं माहीत होतं. माझ्या मते ही दोन्ही ज्ञानं एकाच वस्तूबद्दलची आहेत.

आल्टानंतर रस्ता समुद्र सोडून चढतो आणि फिनमार्कचं पठार सुरू होतं. खुरटे बर्च, गोठलेली तळी, क्षितिजापर्यंत पांढरं. रेनडिअर इथे हिवाळा काढतो तो या बर्फाखाली काय आहे त्याच्या जोरावर. पुढच्या खुराने तो बर्फ उकरतो, उकरलेल्या खड्ड्यात मान घालून चरतो, पुढे सरकतो आणि नवा खड्डा उकरतो. एखादा रिकामा खड्डा जवळून पाहावा. कडा कठीण, तळाशी करड्या-पांढऱ्या रंगाची, हाताच्या बोटाएवढ्या उंचीची, फांद्याफांद्यांची गादी. दाबली तर ओली असताना स्पंजासारखी मऊ, कोरडी असताना कुरकुरीत, पायाखाली चुरा होणारी. मुळं नाहीत, पानं नाहीत. हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. मराठी स्वयंपाकघराला शैवाक परकं नाही: गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. पण आपण ते चिमूटभर, वासापुरतं घालतो. रेनडिअर हिवाळाभर मुख्यतः त्यावरच जगतो. आणि खाद्य म्हणून ते विचित्र आहे. पिष्टमय पदार्थ भरपूर, प्रथिनं अगदी थोडी, शेकडा तीनच्या आसपास, खनिजंही कमी. वाढ वर्षाला काही मिलिमीटर; एकदा खरवडून गेलेली गादी पूर्ववत व्हायला वीस-तीस वर्षं लागतात.

शिवाय त्यात विष आहे. अनेक शैवाकांत उस्निक आम्ल असतं. जिवाणूंना मारणं हा त्याचा गुणच. जो प्राणी जिवाणूंच्या जिवावर जगतो, त्याने जिवाणूनाशक खावं ही गोष्ट सहज पचणारी नाही. हे नुसतं तर्काचं भय नव्हे. २००४ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात शेकडो एल्क हरणं उस्निक आम्ल असलेलं जमिनीवरचं शैवाक खाऊन पायातलं बळ जाऊन कोसळली आणि मेली. एल्कही रवंथ करणारीच, रेनडिअरची चुलत भावंडं. मग रेनडिअरला काय होतं? सुंडसेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी उस्निक आम्लयुक्त शैवाक खाणाऱ्या रेनडिअरच्या कोटीपोटातलं द्रव्य तपासलं, विष्ठा तपासली. उस्निक आम्ल सापडलं नाही. ते कोटीपोटातच मोडलं जात होतं. रेनडिअरच्या यकृतापर्यंत पोहोचायच्या आधीच जिवाणू त्याची विल्हेवाट लावत होते. याच संशोधकांनी उस्निक आम्लाला न बधणारा एक जिवाणू रेनडिअरच्या कोटीपोटातून वेगळा काढला आणि त्याला रेनडिअरच्याच शास्त्रीय नावावरून युबॅक्टेरियम रॅंजिफेरिना असं नाव दिलं. मेंढीला तेच शैवाक घातलं तर ती ते नीट पचवू शकत नाही. दोघांच्या पोटाची रचना सारखीच, फरक पोटातल्या रहिवाशांचा.

प्रथिनांचा तुटवडाही पोटच भरून काढतं. इतर वेळी लघवीवाटे बाहेर जाणारा युरिया रेनडिअर हिवाळ्यात रक्तातून आणि लाळेतून परत कोटीपोटात आणतो. जिवाणू त्यातल्या नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिनं घडवतात आणि पुढे तेच पचवले जातात. माणसाने बर्फावर लघवी केली की रेनडिअर तिथे धावत येतो ते खारटपणाच्या आणि क्षारांच्या ओढीने. हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. हिवाळ्यात पुढ्यात हवं तेवढं खाद्य असलं तरी तो आपणहून कमी खातो, कमी हालतो. झोपेचंही त्याने रवंथीशी जुळवून घेतलं आहे: ट्रॉम्सोत केलेल्या आणि २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रवंथ करणाऱ्या रेनडिअरच्या मेंदूतल्या लहरी गाढ झोपेतल्या लहरींसारख्या दिसल्या, आणि ज्यांनी जास्त रवंथ केली त्यांना झोप कमी लागली. उन्हाळ्यात, जेव्हा चोवीस तास उजेड असतो आणि खाणं भरपूर असतं, तेव्हा चरायला वेळ मिळावा म्हणून ही सोय किती मोलाची!

कौतोकेइनो हे या पठाराचं केंद्र. क्षेत्रफळाने नॉर्वेतली सर्वांत मोठी नगरपालिका, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून मोठी, आणि माणसं तीन हजारांच्या आत. दुकानातल्या पाट्यांवर सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची भाषा आधी, नॉर्वेजियन नंतर. इथे सामी विद्यापीठ आहे, रेनडिअरपालनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. ईस्टरच्या सुमारास लग्नं, रेनडिअरच्या शर्यती आणि निळ्या-लाल पारंपरिक पोशाखातल्या माणसांनी गाव फुलतं, कारण त्यानंतर कळपांबरोबर किनाऱ्याकडे निघायचं असतं. लग्नात वाढला जातो तो बिदोस: रेनडिअरचं मांस, बटाटा, गाजर, मीठ आणि वेळ, याखेरीज त्यात फारसं काही नसतं. मसाल्याला सरावलेल्या जिभेला तो आधी फिका वाटतो, मग मांसाचीच चव पुढे येते. नळीतला मगज, जीभ, रक्ताचे उंडे, सगळं खाल्लं जातं. जुन्या काळी धुतलेलं कोटीपोट रक्त किंवा दूध साठवायची पिशवी म्हणून वापरत. आपल्याकडे ‘किती मेंढरं आहेत?’ हा धनगराशी ओळख काढायचा पहिला प्रश्न असतो. इथे ‘तुमचे किती रेनडिअर?’ असं विचारणं असभ्य, कारण ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं मानतात. विचारायचं ते कुरणाबद्दल: बर्फ कसा आहे, खाली पोहोचता येतं का. या प्रश्नाला उत्तर लांब, तपशीलवार आणि मन लावून मिळतं.

सातारा-सांगलीकडचे धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. सामी कळपांचं उलटं: हिवाळा आत, पठारावर, कारण तिथला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत, उकरता येतो आणि खाली शैवाक असतं, उन्हाळा किनाऱ्यावर आणि बेटांवर, जिथे कोवळं गवत आणि झुडपांचा पाला असतो. दोन्हीकडे वाट हीच मालमत्ता. आणि इथे मला माझं म्हणणं स्पष्ट मांडायचं आहे. या वाटेवर प्राणी शैवाकाकडून वाळक्या काड्यांकडे, तिथून कोंबांकडे, मग हिरव्या पाल्याकडे थोडाथोडा सरकतो, आणि त्याच गतीने कोटीपोटातली वस्ती बदलत जाते. पोट आणि जमीन ही दोन वेगळी खाती नाहीत. पोट जमिनीवर, चालता चालता, ऋतूगणिक घडतं. म्हणून ‘जमीन घेऊ, त्याबदल्यात चारा देऊ’ हा सौदा ऐकायला न्याय्य वाटला तरी मुळातच चुकीच्या हिशोबावर उभा आहे.

कुरणाच्या जागी चारा चालेल का, हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे. भर हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो आणि शैवाकावर काचेसारखा कठीण थर बसतो. खूर चालतात, थर फुटत नाही. रशियातल्या यामाल द्वीपकल्पावर २०१३ च्या नोव्हेंबरात असा पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. असं झालं की दयाळू माणसाच्या मनात पहिली गोष्ट येते ती गवताचे भारे आणि गोळीपेंडीची पोती. नेमकं इथेच पोटाचं शास्त्र आड येतं. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याच्या कोटीपोटातली वस्ती विरळ झालेली असते. समोर गवत आलं की तो अधाशासारखा खातो, पण ते फोडायला आत कोणी पुरेसं उरलेलं नसतं. दूध आहे पण विरजण नाही, अशी ती अवस्था. गवताने पोट फुगतं, आणि भरल्या पोटाने प्राणी उपाशी मरतो. गोळीपेंड दिली तर उलट संकट: त्यातली पिष्टं काही जिवाणू झपाट्याने आंबवतात, कोटीपोट आम्ल होतं, बाकीचे जिवाणू मरतात, हगवण लागते आणि जनावर आडवं होतं. महाराष्ट्रातल्या गोपालकाला हे समजावून सांगायची गरज नाही. लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या गाईपुढे ओतल्या की संध्याकाळपर्यंत पोटफुगी, दुसऱ्या दिवशी डॉक्टर, हे त्याने पाहिलेलं असतं; चारा बदलायचा तर नवा चारा जुन्यात मिसळत, दिवसेंदिवस वाढवत जायचा, हेही त्याला कळतं. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांतल्या चारा छावण्यांनी असंख्य जनावरं वाचवली यात शंका नाही. पण छावणी ही दुष्काळाची सोय आहे. छावणी आहे म्हणून गायरान विकून टाकावं, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

इथे मात्र तसं म्हटलं गेलं, आणि तेही न्यायालयात. कारास्योकला नॉर्वेच्या सामींची संसद आहे. लाकडाने मढवलेली अर्धगोल इमारत, त्यात सामी तंबूच्या आकाराचं सभागृह आणि उत्तम ग्रंथालय. कोणीही आत जाऊ शकतं, बसून वाचू शकतं. आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ या काळात झालेल्या आंदोलनानंतर सामी हक्कांचा विचार राज्याला करावा लागला आणि १९८९ मध्ये ही संसद सुरू झाली. धरण झालंच, पण प्रश्न मिटला नाही. नव्या रूपात तो पुढे आला तो खूप दक्षिणेला, फोसेन द्वीपकल्पावर, पवनचक्क्यांच्या रूपाने. स्टोरहेया आणि रोआन इथले पवनप्रकल्प हिवाळी कुरणांवर उभे राहिले. खालच्या अपिलीय न्यायालयाने २०२० मध्ये कळप हिवाळ्यात कुंपणात ठेवून खाऊ घालायचे, असं गृहीत धरून सुमारे नऊ कोटी क्रोनर भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने वेगळा निकाल दिला: या प्रकल्पांमुळे सामींचा आपली संस्कृती जगण्याचा हक्क डावलला गेला, परवाने अवैध, आणि हिवाळ्यात खाऊ घालण्याच्या योजनेवर विसंबून हा भंग झाकता येणार नाही. निकालाची भाषा संस्कृतीची आणि हक्कांची आहे, जिवाणूंची नाही. तरी कोटीपोटाची माहिती असलेल्या वाचकाला त्यामागचं शहाणपण दुप्पट पटतं. पुढे २०२३-२४ मध्ये समझोते झाले, पवनचक्क्या फिरतच आहेत.

माझ्या म्हणण्याला विरोधी मुद्दे आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, शैवाकाशिवायही रेनडिअर जगतो. स्वालबारला शैवाक अगदी थोडं आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर नॉर्वेच्या व्हेलशिकाऱ्यांनी १९११ साली रेनडिअर नेऊन सोडले. तिथे ते मुख्यतः जाड बुंध्याच्या गवतावर शंभर वर्षं जगले, वाढले, आणि अखेर बेटाची मूळ जीवसृष्टी वाचवण्यासाठी त्यांना काढून टाकावं लागलं. मग शैवाकाच्या कुरणाचा एवढा आग्रह कशाला? मला वाटतं, ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. साउथ जॉर्जियावर रेनडिअरने बाजारातली पेंड खाल्ली नाही. त्याने तिथल्या जमिनीवर, तिथल्या ऋतूंत, पिढ्यांमागून पिढ्या स्वतःचं पोट नव्याने घडवलं. जिवाणूंची वस्ती लवचीक आहे हे खरं, पण ही लवचीकता वेळ मागते आणि निवड मागते. शैवाक पवित्र आहे असं माझं म्हणणं नाही. कोणतंही एक खाद्य नव्हे, तर चरण्याची मोकळीक हीच जपायची गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा अधिक टोचणारा: शैवाकाची गादी रेनडिअरनेच खरवडली. फिनमार्कमध्ये १९८० नंतरच्या काळात कळप फुगले आणि उपग्रहांच्या चित्रांत पांढरी कुरणं आक्रसताना दिसली. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि पाळणाऱ्यांतलेही अनेकजण ते नाकारत नाहीत. पण शैवाक मोडतं ते फक्त खाण्याने नव्हे, तर कोरड्या दिवसांत तुडवलं गेल्यानेही. कळप उन्हाळ्यासाठी वेळेवर किनाऱ्याकडे निघाला नाही, किंवा रस्ता, वीजवाहिनी, सुट्टीतल्या बंगल्यांची वसाहत यांनी वाट अडवून त्याला एकाच तुकड्यावर दाटीने उभं केलं, की ते होतं. कळपाची संख्या आटोक्यात ठेवायलाच हवी. पण ज्याने कुरण आधी आखूड केलं, त्यानेच उरलेल्या कुरणावर गर्दी झाली म्हणून पाळणाऱ्याला दोष द्यावा, हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप हवामानाचा. रवंथ करणारा प्राणी मिथेन सोडतो, मग असले कळप राखायचे कशाला? इथेही पोटच उत्तर देतं. ट्रॉम्सोत केलेल्या मोजमापात शैवाक खाणाऱ्या रेनडिअरकडून पेंड खाणाऱ्यांपेक्षा कमी मिथेन बाहेर पडला. शैवाकाने कोटीपोटातली वस्ती बदलते आणि मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा वाटाही बदलतो. म्हणजे कुरण काढून घेऊन पेंड देण्यात हवेचाही फायदा नाही.

चौथा आक्षेप सीमा ओलांडून फिनलंडमध्ये शिरल्यावर डोळ्यांपुढेच उभा राहतो. बर्चची झुडपं संपून पाइनचं उंच जंगल सुरू होतं, आणि घरांशेजारी मुरघासाचे पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल भारे रचलेले दिसतात. फिनलंडमध्ये १९७० नंतर हिवाळ्यात रेनडिअरला खाऊ घालणं वाढत गेलं. दक्षिणेकडच्या भागांत तर कळप महिनोन् महिने कुंपणातच राहतात. इथे रेनडिअर पाळायला सामीच असावं लागतं असंही नाही. देशभर मिळून दोन लाख तीन हजार सातशे रेनडिअर ही कमाल मर्यादा आहे. धंदा चालतो आहे, प्राणी जगताहेत. मग पेंड का चालणार नाही? चालते, कारण इथला जाणता पाळणारा उपासमार सुरू व्हायच्या आधीच खाऊ घालायला लागतो, दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवतो, आणि गवतात हाताने गोळा केलेलं शैवाक मिसळतो. म्हणजे तो जिवाणूंना वेळ देतो. या कसबाबद्दल मला आदर आहे. पण त्याची किंमतही पाहायला हवी. एकाच गव्हाणीवर दाटीने उभ्या राहणाऱ्या कळपांत डोळ्यांचे आणि तोंडाचे संसर्गजन्य रोग पसरतात. मोकळ्या पठारावर ते इतके पसरत नव्हते. स्वीडनमधल्या अभ्यासांत गोळीपेंडीवर पोसलेल्या रेनडिअरच्या मांसातल्या मेदाम्लांचं प्रमाण बदललेलं आढळलं आणि चवही. शिवाय चाऱ्याचं बिल येतं ते पाळणाऱ्याच्या नावावर, आणि ज्या वर्षी बर्फ काचेचा होतो त्याच वर्षी ते सर्वांत मोठं असतं. खाऊ घालणं हे वाईट वर्षातलं कौशल्य आहे. ते कायमचं कुरण मानलं, की वाईट वर्ष आलं तरी हाती दुसरं काही उरत नाही.

इनारी गाव अथांग गोठलेल्या सरोवराच्या काठी आहे. मार्चअखेरीपासून त्या बर्फावर रेनडिअरच्या शर्यती होतात. माणसं कडेला कॉफी आणि सॉसेज घेऊन उभी असतात, आरडाओरडा बेताचाच, जिंकणाऱ्याला टाळ्या आणि हरणाऱ्यालाही. कॉफीत चीजचा तुकडा टाकून, तो भिजला की चमच्याने काढून खायची इथली पद्धत आहे. चहात बिस्किट बुडवणाऱ्यांना ती समजायला वेळ लागत नाही. गावातल्या सीडा संग्रहालयात सामी जीवन आणि इथला निसर्ग एकाच दालनात, एकमेकांत गुंफून मांडला आहे, आणि तीच मांडणी योग्य आहे. बाहेरच्या जुन्या पाइन झाडांवरून काळसर, केसांसारखं शैवाक लोंबतं. जमिनीवरचा बर्फ कठीण झाला की हिवाळ्याच्या शेवटी रेनडिअर त्यावर जगतो. पूर्वी पाळणारे त्यासाठी लोंबत्या शैवाकाची झाडं तोडून कळपापुढे पाडत. पण हे शैवाक दाट होतं ते जुन्या झाडांवरच. तोड झालेल्या आणि पुन्हा लावलेल्या जंगलात ते नावापुरतं असतं. म्हणून इथल्या रेनडिअरपालकांनी सरकारी वनखात्याच्या तोडीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण दिलं, आणि २००९-१० मध्ये करार झाले: महत्त्वाच्या कुरणजंगलांतली तोड वीस वर्षं थांबवायची. ती मुदत आता संपत आली आहे. जमिनीवरच्या शैवाकाची गादी पुरती भरायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि लोंबतं शैवाक अंगावर बाळगण्याइतकं पाइनचं झाड म्हातारं व्हायला शंभराहून जास्त. पुढचा करार करताना तो किती वर्षांचा असावा, हे आधी या झाडांच्या वयावरून ठरायला हवं.